पोहिक चर्च, रूट १: मराठी श्राव्य-सहलीच्या प्रकल्प नोंदी

८ मार्च २०२५

चौथा थांबा माझ्याकडे आला: पोहिक चर्च, लॉर्टन, व्हर्जिनिया.

गटात नव्याने आलेल्यांसाठी प्रकल्प थोडक्यात. अलेक्झांड्रियापासून ऑकोक्वान नदीपर्यंत रूट १ या महामार्गाने जाताना गाडीत ऐकायची मराठी ध्वनिफीत आपण करतोय. उन्हाळ्यात गावाकडून आई-बाबा येतात, आपण त्यांना जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन दाखवतो, हवेलीसमोर फोटो काढतो आणि भूक लागली म्हणून घाईघाईने परत फिरतो. वाटेवरचं बाकी सगळं काचेबाहेरून सरकून जातं. त्यात पोहिक चर्च पहिलं. छपरावर मनोरा नाही, कळस नाही. दोन मजली लाल विटांची चौकोनी इमारत, चारी बाजूंनी उतरतं छप्पर, खिडक्यांच्या दोन रांगा. माझे सासरे याला जुनं कोर्ट समजले होते.

पाटीवर 'वॉशिंग्टनचं चर्च' असं वाचून लोक थांबतात. माझी संहिता तिथून सुरू होणार नाही, एवढं आज ठरवलं. वॉशिंग्टन येईलच, त्याला टाळून इथे काही सांगताच येत नाही. पण ही इमारत इथे उभी आहे ती रस्त्यामुळे, तिची वाताहत झाली तीही रस्त्यामुळे. तोच धागा धरायचा.

१५ मार्च

वाचन. पोहिक हे एपिस्कोपल चर्च; पहिली अडचण म्हणजे 'एपिस्कोपल' म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगणं. मसुदा असा: मुंबईत फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल ज्या अँग्लिकन परंपरेतलं, तिचीच ही अमेरिकन शाखा. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाला चर्चचा प्रमुख मानणं शक्य नव्हतं, म्हणून १७८९ मध्ये वेगळी घडी बसवली गेली. एवढं पुरे. ज्याला जास्त हवं तो विचारेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोहिक ज्या ट्रुरो पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या कारभाराच्या टापूत, येतं ती १७३२ मध्ये आखली गेली. पॅरिश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रविवारची उपासना येते, पण त्या काळच्या व्हर्जिनियात ती सरकारी यंत्रणा होती. बारा जणांचं पंचमंडळ, त्याला वेस्ट्री म्हणत. अनाथ पोरं कोणाकडे ठेवायची, म्हाताऱ्या निराधारांना काय द्यायचं, दर चार वर्षांनी जमिनींच्या हद्दी चालून बघायच्या, हे सगळं त्यांच्याकडे. खर्चासाठी डोईपट्टी आणि ती तंबाखूत. पाळकाचा वर्षाचा पगार कायद्याने १६,००० पौंड तंबाखू, म्हणजे सात टनांहून जास्त.

आता डोईपट्टीतलं डोकं कोणाचं? सोळा वर्षांवरचा प्रत्येक गोरा पुरुष, आणि सोळा वर्षांवरचे गुलाम, पुरुष आणि बायका दोन्ही. गुलामांची पट्टी मालकाने भरायची. ती ज्या तंबाखूत भरली जायची तो पिकवायचे, खुडायचे, वाळवायचे, पिंपात ठासायचे तेच गुलाम. पंचमंडळात बसायचे मळेवाले. जॉर्जचे वडील ऑगस्टीन वॉशिंग्टन १७३५ मध्ये या मंडळात आले, जॉर्ज स्वतः १७६२ मध्ये. चर्चच्या विटांना पैसा कुठून आला, हे सांगितल्याशिवाय विटांचं कौतुक करायचं नाही.

२२ मार्च

नकाशावाल्या काकांबरोबर पूर्ण दुपार. काका मूळचे कोल्हापूरचे, आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्यामुळे रस्ता दिसला की आधी चढ-उतार बघतात.

त्यांनी जुना रस्ता आजच्या नकाशावर चढवला. पोटोमॅकच्या काठाने जाणारी मूळ रहिवाशांची पायवाट, तिचा पुढे 'किंग्ज हायवे' झाला. उत्तर-दक्षिण टपाल, तंबाखूची पिंपं, घोडेस्वार सगळे त्यावरून. पुढे ऑकोक्वानवर होडीने पलीकडे जायचं, आणि ती होडी मेसन घराण्याची. नदीकाठी १७५३ मध्ये कोलचेस्टर हे गाव वसलं. आज त्या नावाचा जुना रस्ता आहे. रूट १ हा क्रमांक आला तो १९२६ मध्ये.

आधीचं चर्च लाकडी, आजच्या जागेपासून साधारण दोन मैल दक्षिणेला. तिथे आता मेथडिस्ट चर्च आहे. ते जुनं झाल्यावर १७६७ मध्ये मंडळाने नवं बांधायचं ठरवलं, आणि जागेवरून मंडळातल्या दोन जॉर्जांत जुंपली: वॉशिंग्टन आणि शेजारचा मळेवाला जॉर्ज मेसन. मेसन म्हणे, बापजाद्यांची थडगी जिथे आहेत ती जागा सोडायची नाही. वॉशिंग्टन गप्प घरी गेला. मुळात तो भूमापक. पॅरिशमधल्या घरांचा आणि अंतरांचा नकाशा काढून पुढच्या बैठकीत त्याने टेबलावर ठेवला. नवी जागा जास्त घरांना जवळ पडते हे उघड दिसलं आणि मतदान त्याच्या बाजूने गेलं.

हा किस्सा एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रकारांनी रंगवून सांगितलेला आहे, म्हणून संहितेत 'असं सांगतात' हे शब्द ठेवणार. काकांना मात्र तो पटला. त्यांचं म्हणणं, भावकीचा वाद भावनेने सुटत नाही, मोजणी आणली की सुटतो. शिवाय जागा खरोखर चांगली आहे: उंचवटा, पाणी साचत नाही, आणि दोन रस्ते जवळ येतात. आतल्या बाजूने येणारा 'बॅक रोड', म्हणजे आजचा टेलिग्राफ रोड, याच टापूत मोठ्या रस्त्याला मिळतो.

५ एप्रिल

प्रत्यक्ष जागेवर. सकाळी आकाश भरलेलं होतं, विटांचे रंग बघायला तेच बरं.

वेस्ट्रीने कंत्राटात घातलेली मापं: लांबी ६६ फूट, रुंदी साडेपंचेचाळीस, भिंती पायापासून २८ फूट उंच. कंत्राटदार डॅनियल फ्रेंच, रक्कम ८७७ पौंड, साल १७६९. आराखड्याचं श्रेय जेम्स रेन यांना देतात. फॉल्स चर्च आणि अलेक्झांड्रियाचं क्राइस्ट चर्चही त्यांच्याच नावावर, आणि तिन्ही शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात. फ्रेंच १७७१ मध्ये वारला, काम अर्धवट. त्याच्या इस्टेटीचा व्यवस्थापक होता जॉर्ज मेसन. म्हणजे ज्याने या जागेला विरोध केला असं सांगतात, त्याच्याच गळ्यात इथलं काम पुरं करण्याची जबाबदारी आली. त्याने ती नीट निभावली. १७७४ च्या फेब्रुवारीत मंडळाने इमारत ताब्यात घेतली.

भिंत फ्लेमिश बाँडमध्ये: एकाच थरात एक वीट लांब बाजू दाखवते, तिच्या शेजारची तोंड दाखवते, परत लांब, परत तोंड. कोपऱ्यांना आणि दारांना अॅक्विया खाडीचा वालुकाश्म. हाच दगड पुढे व्हाइट हाउसला आणि कॅपिटॉलला गेला. घडवायला सोपा, रंग मधासारखा, पण उन्हापावसात झिजतो आणि खिळ्याने कोरला जातो. हा दुसरा गुण लक्षात ठेवायचा, पुढे लागणार आहे.

दारं तीन: पश्चिमेला दोन, दक्षिणेला मध्यभागी एक. आत गेलं की आपली नजर समोर वेदी शोधते आणि फसते. प्रवचनाचा उंच मंच उत्तरेच्या लांब भिंतीला मधोमध आहे, वेदी पूर्वेला बाजूला. ऐकणं मुख्य, म्हणून बसण्याची मांडणी मंचाभोवती. बाकं उघडी नाहीत, छातीइतक्या लाकडी भिंतींची चौकोनी खोकी आहेत, दार लावून आत बसायचं. हिवाळ्यात वारा लागू नये हे एक कारण. दुसरं असं की खोकं विकत घेता यायचं. वॉशिंग्टनने घेतलं ते २८ क्रमांकाचं, वेदीजवळचं. पुढे कोण आणि मागे कोण, हे मैदानातल्या खुर्च्यांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ठरलेलं असतं. इथे त्याची पावती फाडली जायची, एवढाच फरक.

६ एप्रिल

कालचं मैदानी ध्वनिमुद्रण फुकट. ट्रक, मोटारसायकली, शेजारच्या फोर्ट बेल्व्हॉयर लष्करी तळाकडे जाणारी वाहनं. आमचा ध्वनीवाला म्हणाला, काढून टाकतो, घरी परत वाच. मी म्हटलं, काढू नकोस, खालच्या आवाजात राहू दे. या थांब्याला रस्त्याचा आवाज नको, तर कशाला हवा?

१२ एप्रिल

आतल्या सजावटीवर एक परिच्छेद हवा. साहित्य इतकं गोड आहे की हात आवरणं कठीण.

कोरीवकाम विल्यम बर्नार्ड सिअर्सचं, मेसनच्या गन्स्टन हॉल या घरातही त्याचाच हात होता. मंचावर कोरलेली ताडाची फांदी आणि वेदीमागच्या चौकटींची नक्षी सोनेरी करायची, त्यासाठी सोन्याचा वर्ख वॉशिंग्टन आणि जॉर्ज विल्यम फेअरफॅक्स यांनी दिला. मंचाची गादी आणि वेदीवरचं कापड किरमिजी मखमलीचं, सोनेरी झालर लावलेलं, ते वॉशिंग्टनने विलायतेतून मागवून द्यावं असा ठराव झाला. म्हणजे चहावरून राजाशी भांडण पेटलं होतं त्याच सुमारास मखमल तिकडूनच यायची होती.

मला सर्वांत आवडला तो विल्यम कोपिन, पाथरवट. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड त्याने सहा पौंडांत करून द्यायचं, नमुना लँगली या इंग्रजाच्या आराखड्यांच्या पुस्तकातला १५०वा, वरच्या ओळीत डावीकडचा, आणि साहित्य सगळं त्याचं त्याने आणायचं. इतकं काटेकोर कबूल करून घेतलंय. हे कुंड अजून इथे आहे, पण मधल्या काळात ते एका शेतावर जनावरांना पाणी पाजायला वापरात होतं. यादवी युद्धात उचललं गेलं आणि कितीतरी वर्षांनी परत सापडलं.

१९ एप्रिल

उद्या ईस्टर, त्यामुळे या आठवड्यात चर्चकडे फिरकायचं नाही, मंडळींना आपली लुडबुड नको. घरी बसून पुढचं लिहिलं.

चर्च तयार झालं १७७४ मध्ये. १७७६ च्या जूनमध्ये व्हर्जिनियाने हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, मसुदा मेसनचा. त्याच्या सोळाव्या कलमात धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य सर्वांना सारखं दिलं. त्याच वर्षी पाळकांच्या पगाराची पट्टी स्थगित झाली, १७७९ मध्ये कायमची गेली. १७८६ च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याने उरलंसुरलं सरकारी छत्र काढलं आणि १८०२ मध्ये पॅरिशच्या मालकीच्या जमिनी विकायला काढण्याचा कायदा आला. ज्याने ही इमारत पुरी करून दिली त्याच्याच लेखणीतून तिची रसद तुटायला सुरुवात झाली. मेसनला हे समजत नसेल असं मला वाटत नाही. माणूस ढोंगी नव्हता, फक्त दोन्ही कामं त्याने पूर्ण मनाने केली. गुलामगिरीला तो 'सावकाश पसरणारं विष' म्हणायचा आणि स्वतः गुलाम राखायचा, तिथे मात्र हे म्हणता येत नाही.

मग पडझड. पाळक ली मॅसी, मूळचे वकील, दीक्षेसाठी इंग्लंडला जाऊन आलेले, कारण वसाहतींत बिशपच नव्हता. क्रांतीच्या काळात त्यांचं काम हळूहळू थांबत गेलं. वॉशिंग्टनही नंतर अलेक्झांड्रियाच्या चर्चला जाऊ लागला. पोहिकला नियमित पाळक राहिला नाही.

आणि आता आपल्या ओळखीचा माणूस. चेरीचं झाड, कुऱ्हाड, 'बाबा, मी खोटं बोलणार नाही'. ही गोष्ट ऐकल्याशिवाय कोणा मराठी मुलाचं बालपण गेलं असेल, असं वाटत नाही. ती प्रथम छापली मेसन लॉक वीम्स याने, १८०६ मध्ये, वॉशिंग्टनच्या चरित्राच्या पाचव्या आवृत्तीत. वीम्स दीक्षा घेतलेला एपिस्कोपल पाळक, मुक्काम याच रस्त्यावर पुढे डम्फ्रीज गावात, आणि धंदा फिरत्या पुस्तकविक्रीचा. घोडागाडीत पुस्तकं भरायची आणि गावोगाव हिंडायचं. अधूनमधून तो पोहिकच्या मंचावर प्रवचन करायचा. पुस्तकावर मात्र त्याने स्वतःची ओळख 'माउंट व्हर्नन पॅरिशचा माजी पाळक' अशी छापली. त्या नावाची पॅरिश कधीच नव्हती! सत्यवचनाची जगप्रसिद्ध गोष्ट सांगणाऱ्याने मुखपृष्ठावरच थाप मारावी, हे संहितेत तिखटमीठ न लावता तसंच ठेवणार.

२६ एप्रिल

आज दारांवर काम. बरोबर एक विजेरी, कॅमेरा, आणि वाकून बघायला तयार असलेला भाचा.

समोरून बघितलं तर दगड नुसता खडबडीत दिसतो. विजेरी दगडाला चिकटवून बाजूने उजेड सोडला की अक्षरं वर येतात. आद्याक्षरं, कुठे पूर्ण आडनाव, कुठे पलटणीचा उल्लेख असावा असं. काही अक्षरांना तळाशी छापील वळणाच्या छोट्या आडव्या रेघा काढल्यात, म्हणजे कोरणारा निवांत बसला होता. काही नुसत्या ओरबाडलेल्या. एकावर एक अक्षरं. हात लावायचा नाही असं आधीच बजावलं होतं. भाच्याने बोट जवळ नेऊन फक्त हवेत गिरवलं.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६१ च्या उन्हाळ्यातली लढाई हरल्यावर उत्तरेचं सैन्य अलेक्झांड्रियाच्या बाजूला, दक्षिणेचं ऑकोक्वानच्या पलीकडे. मधल्या ओसाड पट्ट्यात, मोठ्या रस्त्यावर हे चर्च. ज्या कारणासाठी वॉशिंग्टनने जागा निवडली असं सांगतात, म्हणजे सगळ्यांना सोयीची, तीच सोय आता सैन्याची झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरी मिशिगन पलटण इथे आली. त्यातल्या चार्ल्स हेडनने रोजनिशीत लिहून ठेवलंय: आपल्या पलटणीला देवाचा धाक नाही हे ठाऊक होतं, पण वॉशिंग्टनच्या नावाने तरी ही जागा वाचेल असं वाटलं होतं. दहा मिनिटांच्या आत लोक सगळीकडे घुसून नक्षी उपटत, खोकी फोडत, विटा फोडत होते. कशासाठी? आठवण म्हणून तुकडा घरी न्यायला.

हे वाचल्यावर मी थांबलो. शत्रूचं म्हणून फोडलं असतं तर समजलं असतं. इथे भक्तीपोटी फोडलं. वॉशिंग्टनवर प्रेम होतं म्हणूनच त्याच्या चर्चचा तुकडा हवा होता.

त्या हिवाळ्यात इथे चौकी होती, आत घोडे बांधले गेले. थॅडियस लोव यांच्या फुगा-पथकाचा फुगाही या परिसरातून वर गेला, ऑकोक्वानकडचं दक्षिणी सैन्य हेरण्यासाठी. लाकडाची सगळी सजावट गेली. भिंती, छप्पर, दगडी दारं उरली. याच पॅरिशचं दुसरं विटांचं चर्च, पेन्स चर्च, त्याच्या नशिबात तेवढंही नव्हतं. सैनिकांनी ते पाडून विटा हिवाळी झोपड्यांच्या धुराड्यांना वापरल्या.

३ मे

गटाची बैठक, संहितेचं वाचन. मतभेद दोन.

पहिला डोईपट्टीवरून. एक काकू म्हणाल्या, पाहुणे फिरायला आलेत, गुलामांचा हिशोब गाडीत कशाला? मी म्हटलं, त्याच पाहुण्यांना आपण तासाभरापूर्वी माउंट व्हर्ननला नेलं. तिथे १७९९ मध्ये, वॉशिंग्टन वारला तेव्हा, ३१७ गुलाम राहत होते, तो आकडा त्यांनी ऐकलेलाच असणार. मग चर्चला पोचल्यावर ते लोक अचानक गायब कसे होतील? बराच वेळ चाललं. शेवटी डोईपट्टी राहिली, उलट ती विटांच्या वर्णनाच्या आधी घेतली. काकूंनीच ती जागा सुचवली, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरा मतभेद लांबीचा. वर्ख, मखमल, कुंड यांतलं एकच ठेवा असा आग्रह. कुंड ठेवलं. मखमल जाताना वाईट वाटलं.

१० मे

दुरुस्तीचा भाग उरकला. तो छोटाच ठेवलाय. १८३७ मध्ये बिशप मीड यांना इमारत जीर्णावस्थेत दिसली, तेव्हा वर्गणी निघून डागडुजी झाली. युद्धानंतर १८७४ मध्ये पुन्हा उपासना सुरू झाली, आतलं सामान साधं, त्या काळच्या धाटणीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्ट्रीच्या जुन्या ठरावांवरून मूळची मांडणी परत उभी केली: खोकी, मंच, वेदीमागची चौकट. माउंट व्हर्ननचे व्यवस्थापक हॅरिसन हॉवेल डॉज त्यात पुढे होते.

म्हणजे श्रोत्याला स्पष्ट सांगायला हवं: भिंती आणि दगड १७७४ चे, आतलं लाकूडकाम नंतरचं. 'वॉशिंग्टन इथेच बसला' म्हणताना जागा ती, फळ्या त्या नाहीत. यात कमीपणा कसला? पंचमंडळाने खोक्याची लांबी-रुंदी, कुंडाचा नमुना, झालरीचा रंग लिहून ठेवला म्हणून तर शंभरावर वर्षांनी ते परत करता आलं. आपल्याकडे कित्येक वाड्यांचं काय झालं ते बघताना ही गोष्ट सलते. वाडा गेला की त्याचा कागदही सापडत नाही.

१७ मे

अंतिम ध्वनिमुद्रण झालं. ध्वनीवाल्याने पार्श्वभूमीला ट्रकचा आवाज ठेवलाय, फक्त घोडागाडीच्या परिच्छेदात तो थोडा खाली नेलाय. तक्रार नाही.

वापरासाठी सूचना फीत सुरू होतानाच येते: गाडी चर्चच्या आवारात उभी करून मगच ऐका, चालवता चालवता इमारत शोधू नका, आणि रविवारी सकाळी उपासना चालू असेल तर आत शिरू नका. दक्षिणेच्या दाराशी विजेरी बाजूने धरायची, मोबाइलची चालते, दगडाला हात लावायचा नाही.

पाचव्या थांब्याच्या लेखकांसाठी: ऑकोक्वानवरच्या होडीचा परिच्छेद मी माझ्या संहितेतून काढला आहे. तुमच्याकडे गन्स्टन हॉल आहे, मेसन तिथे नीट भेटेल, होडी तुम्ही घ्या. सोळाव्या कलमाचा उल्लेख माझ्याकडे एका वाक्यात आहे, तुम्ही तो पूर्ण वाचून दाखवलात तरी पुनरुक्ती होणार नाही. काकांचा नकाशा सामायिक फोल्डरमध्ये आहे; टेलिग्राफ रोडची रेघ जाड करायची राहिली आहे.